पहिलं वेब पेज स्वतः बनवताना: कोऱ्या फाइलपासून व्हॉट्सॲपवरच्या लिंकपर्यंत

तीन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या समितीत ‘आपलंही वेब पेज हवं’ असा ठराव झाला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारण एवढंच, की मी पतपेढीत दिवसभर संगणकासमोर बसते. संगणकासमोर बसणं आणि वेब पेज बनवता येणं यात किती अंतर आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. वाचनालय तालुक्याच्या गावचं, ‘ब’ वर्गातलं. त्याआधी एकाने पैसे घेऊन आम्हाला संकेतस्थळ करून दिलं होतं. त्यावर सरकणारे फोटो होते, उडणारी अक्षरं होती आणि वाचनालय किती वाजता उघडतं ते कुठेही नव्हतं.

मी शिकले ते रोज रात्री तासभर बसून, बऱ्याच चुका करून. पहिलं बरं पान उभं राहायला दीड महिना लागला. त्यातला एक महिना टाळता आला असता. तो तुमचा वाचावा म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं वाचनालयाची आहेत, पण तुमची खानावळ असो, शिकवणी असो की भजनी मंडळ, रस्ता तोच.

एक सूचना आधीच: टॅगांची (म्हणजे ‘हा मथळा, हा परिच्छेद’ असं ब्राउझरला सांगणाऱ्या खुणांची) आणि आज्ञांची नावं मी बोलते तशी लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.

हाताशी काय हवं

- कोणताही चालता लॅपटॉप किंवा संगणक. दहा वर्षं जुना असला तरी चालेल.
- व्हीएस कोड हा एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम. फुकट आहे.
- दोन ब्राउझर: क्रोम आणि फायरफॉक्स.
- घरातला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन. ही वस्तू यादीतली सर्वांत महत्त्वाची.
- युनिकोड मराठी टंकलेखन. इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत असेल तर उत्तम, नाहीतर फोनवर बोलून टाइप करून स्वतःला मेल करा.
- एक वही.
- संस्थेचं काम असेल तर समितीची लेखी परवानगी, आणि ज्यांचे फोटो टाकणार त्यांची संमती. मुलांचे फोटो असतील तर पालकांची.
- संस्थेच्या नावाचा स्वतंत्र ईमेल. तुमचा खासगी मेल वापरू नका. का ते आठव्या पायरीत येईल.

या यादीत वेगळे पैसे मोजावे लागतील असं काहीच नाही. कोणी ‘आधी सॉफ्टवेअर विकत घ्या’ किंवा ‘आधी हा कोर्स करा’ म्हणत असेल तर थोडं थांबा.

१. आधी आठवडाभर फोन ऐका

मी पहिल्या दिवशी एडिटर उघडला आणि रंग निवडत बसले. ही चूक जवळजवळ सगळेच करतात. पान कशासाठी हवं ते ठरल्याशिवाय रंग निवडणं म्हणजे पाहुणे ठरायच्या आधी पत्रावळी मांडणं.

आमच्या ग्रंथपालबाईंनी मार्ग दाखवला. त्या म्हणाल्या, “अगं, लोक मला काय विचारतात ते लिहून घे ना.” आठवडाभर टेबलावर वही ठेवली. फोनवर आणि खिडकीशी येणारा प्रत्येक प्रश्न त्यात लिहिला. निम्म्याहून जास्त प्रश्न एकच होता: आज उघडं आहे का? मग वर्गणी किती, अनामत किती, सभासद व्हायला काय कागद लागतात, दिवाळी अंकांची योजना कधी सुरू होते, अमुक पुस्तक आहे का. ‘संस्थेचा इतिहास’ आठवडाभरात एकानेही विचारला नाही. आधीच्या संकेतस्थळावर पहिली चार पानं इतिहासाची आणि अध्यक्षांच्या मनोगताची होती.

त्या वहीतला क्रम हाच पानाचा क्रम. जे सर्वांत जास्त विचारलं जातं ते सर्वांत वर. हे सगळं आधी कागदावर लिहा, पूर्ण वाक्यांत. ‘सभासदत्वासंबंधी माहिती’ असं मोघम शीर्षक नको. ‘सभासद कसं व्हायचं’ असं लिहा. समितीत यावर वाद होईल. इतिहास काढून टाकू नका, खाली ठेवा, म्हणजे अध्यक्षही खूश.

२. कोरी फाइल उघडा

डेस्कटॉपवर एक फोल्डर करा. त्याचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा. व्हीएस कोडमध्ये तो फोल्डर उघडा आणि नवी फाइल करा: इंडेक्स डॉट एचटीएमएल. एचटीएमएल म्हणजे वेब पेज लिहायची भाषा. कुठल्याही संकेतस्थळाचं पहिलं पान याच नावाने शोधलं जातं, म्हणून नावात कलाकुसर करू नका.

आता एक जादू. त्या कोऱ्या फाइलमध्ये फक्त उद्गारचिन्ह टाका आणि टॅब दाबा. पानाचा सगळा सांगाडा आपोआप उमटतो: हे एचटीएमएल आहे असं सांगणारी पहिली ओळ, ‘हेड’ आणि ‘बॉडी’ हे दोन भाग, अक्षरसंचाची ओळ, फोनच्या रुंदीची ओळ आणि शीर्षक. मी हे सगळं पहिले आठ दिवस हाताने लिहीत होते.

त्यात दोन गोष्टी लगेच बदला. भाषेच्या जागी इंग्रजीचा संकेत ‘ई एन’ असेल, तिथे मराठीचा ‘एम आर’ लिहा. आणि शीर्षकात ‘डॉक्युमेंट’ हा शब्द असेल, तिथे तुमच्या पानाचं नाव. हे दुसरं विसरलेली कितीतरी पानं गूगलमध्ये अजून ‘डॉक्युमेंट’ म्हणून फिरताहेत.

सापळा: नोटपॅडमध्ये फाइल केली तर विंडोज शेपटी लपवतं आणि तुमची फाइल खरंतर ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ होऊन बसते. ब्राउझरमध्ये पानाऐवजी कोडच दिसू लागला तर आधी हे तपासा.

३. सांगाडा नीट बांधा

एचटीएमएलमध्ये शंभरावर टॅग आहेत. चांगल्या पानाला पंधरा पुरतात. मथळा, परिच्छेद, यादी, दुवा, चित्र, तक्ता एवढे आले की तुम्ही कामाला लागलात. प्रत्येक टॅग उघडतो तसा बहुतेक वेळा मिटावाही लागतो. मथळ्याचा टॅग मिटवायला विसरलात तर खालचं सगळं पान ठसठशीत मोठ्या अक्षरांत ओरडू लागतं. घाबरू नका, ते सगळ्यांचं होतं.

टॅग म्हणजे त्या मजकुराचा अर्थ. दिसणं नंतर ठरतं. ‘एच वन’ म्हणजे पानाचं मुख्य नाव, ते एकदाच. ‘एच टू’ म्हणजे प्रकरण, ‘एच थ्री’ म्हणजे त्यातलं पोटप्रकरण. अक्षर मोठं हवं म्हणून एच टू, लहान हवं म्हणून एच फोर असं करू नका. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना दिसत नाही. त्यांचा फोन पान वाचून दाखवतो आणि ते एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उड्या मारत हवं ते शोधतात. मी मथळ्यांऐवजी नुसती जाड अक्षरं वापरली होती. त्यांना ते पान म्हणजे मधे कुठे थांबाच नसलेली एसटी वाटली.

तक्ता फक्त तक्त्यासारख्या माहितीलाच. आमच्याकडे वर्गणीचा तक्ता आहे: मासिक, सहामाही, वार्षिक. पान दोन रकान्यांत मांडायचं म्हणून तक्ता वापरणं ही १९९० च्या दशकातली सवय आहे. जुन्या व्हिडिओंत अजून शिकवतात.

दुव्याला ‘येथे क्लिक करा’ असं नाव देऊ नका. ‘सभासदत्वाचा अर्ज’ असं त्या वस्तूचं नाव द्या. फोन नंबरही दुवा करता येतो, म्हणजे बोट लावलं की डायल होतो. दिसायला आकडे देवनागरी ठेवा, पण दुव्याच्या आत इंग्रजी आकडे आणि सुरुवातीला अधिक एक्क्याण्णव.

या टप्प्यावर पान अगदी साधं, पांढऱ्यावर काळं दिसेल. तसंच काही दिवस राहू द्या. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेत वेब सुरू केलं, त्यांचं १९९१ च्या सुमाराचं पहिलं पान सर्नने पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवलं आहे. नुसता मजकूर आणि दुवे. आजच्या फोनवरही ते क्षणात उघडतं आणि वाचता येतं. साधं पान मोडायला त्यात मोडण्यासारखं काही असावं लागतं.

४. मराठी अक्षरांची काळजी

इंग्रजी धड्यांत ही पायरी नसते, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्या पुस्तकांची यादी जुन्या एक्सेलमध्ये होती. कित्येक वर्षं, वेगवेगळ्या कारकुनांनी टाइप केलेली. ती उचलून पानात चिकटवली, तर पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. कारण साधं आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटांत आत साठलेलं अक्षर खरंतर रोमनच असतं. फाँट फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट काढला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, फाँट कुठलाही असो.

म्हणून जुना मजकूर असेल तर आधी तो युनिकोडमध्ये बदला. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण प्रत्येक फाँटाचा परिवर्तक वेगळा, आणि बदलल्यावर डोळ्यांनी तपासावंच लागतं. रफार आणि पहिली वेलांटी इथे हमखास गडबड होते, कारण जुन्या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. आम्ही दोन कॉलेजच्या मुलींना घेऊन मे महिन्याच्या सुट्टीत यादी तपासली. चहा आणि आंबापोळी समितीच्या खर्चाने.

एक्सेलमधून यादी बाहेर काढताना ‘सेव्ह ॲज’मध्ये साधी सीएसव्ही निवडली तर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होते. त्याच यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय आहे, तो निवडा. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. मी नव्हती ठेवली.

पानाच्या ‘हेड’मधली अक्षरसंचाची ओळ यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, असायला हवी. उद्गारचिन्हाच्या जादूने ती आलेलीच असते, ती पुसू नका.

मग फाँट. गूगल फाँट्सवर देवनागरीचे चांगले फाँट फुकट आणि मुक्त परवान्याने मिळतात. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू तिथे आहेत, नोटो सान्स देवनागरी आहे, आणि पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी आहे. तिरोचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फाँट आहेत, कारण आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच्या वळणाचा नसतो. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि पानाची भाषा ‘एम आर’ आहे हे पाहून ब्राउझर मराठी वळण निवडतो. दुसऱ्या पायरीत भाषा बदलायला सांगितली त्याचं हे एक कारण. दुसरं कारण वाचून दाखवणारे फोन: भाषा कळली तर ते मराठी आवाज निवडू शकतात.

फाँट एकच घ्या, जाडीही दोनच: साधी आणि ठळक. देवनागरी फाँटाची फाइल जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा जड असते. सहा जाड्या मागवल्या की बिचारा फोन अक्षरंच डाउनलोड करत बसतो.

आणखी चार गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या:

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी नमुन्यांत मथळ्याला ‘लेटर-स्पेसिंग’ दिलेलं असतं. तेच मराठीवर लावलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसतो.

ओळींमधलं अंतर वाढवा. वर मात्रा-रफार, खाली उकार, त्यात जोडाक्षर. ब्राउझरचं मूळचं अंतर मराठीला अपुरं पडतं. ‘लाइन-हाइट’ १.७ च्या आसपास ठेवा.

तिरकी अक्षरं टाळा. बहुतेक देवनागरी फाँटांत तिरपं वळण नसतंच. ब्राउझर सरळ अक्षराला धरून वाकवतो.

आणि ‘ॲ’. हे अक्षर तीन प्रकारे टाइप झालेलं सापडतं: एकसंध ॲ, ‘अ’वर अर्धचंद्र देऊन केलेलं, आणि हिंदी कीबोर्डवरचं ऍ. डोळ्यांना जवळपास सारखं, संगणकाला तीन वेगळी. पानात ‘ॲडव्होकेट’ शोधणाऱ्याला तुमचं ‘ऍडव्होकेट’ सापडणार नाही. एकसंध ॲ ठरवा आणि ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सगळीकडे तोच करा.

५. मग रूप

सीएसएस, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या आज्ञा, वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि ‘हेड’मधून जोडा. सुरुवातीला आठ-दहा ओळी पुरतात, खरंच. अक्षर १८ पिक्सेल किंवा मोठं. मजकुराच्या पट्ट्याला कमाल रुंदी, म्हणजे मोठ्या पडद्यावर ओळ भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणार नाही. बाजूंना थोडी मोकळी जागा. मजकूर डावीकडून सरळ. दोन्ही कडा जुळवायच्या नादात फोनवर शब्दांमध्ये खिंडारं पडतात, कारण आपले शब्द प्रत्ययांमुळे लांब.

रंग दोन. एक अक्षरांचा, एक दुव्यांचा. फिकट करड्या अक्षरांची फॅशन आहे, तिच्या नादी लागू नका. सुगम्यतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही पान वापरता यावं यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध किमान ४.५ ला १ असावा असं सांगितलं आहे. क्रोममध्ये एफ १२ दाबून अक्षराचा रंग निवडला की हे गुणोत्तर तिथेच दिसतं. आमच्या समितीला भगव्यावर पिवळं हवं होतं. मी उन्हात उभं करून सगळ्यांना फोन दाखवला, वाद संपला.

दुसऱ्यांची पानं बघून शिका. आवडलेल्या पानावर कंट्रोल आणि यू दाबा, त्याचा कोड समोर येतो. एफ १२ दाबून त्यातला रंग, अंतर बदलून बघा. बदल फक्त तुमच्या पडद्यावर होतो, कोणाचं काही बिघडत नाही. मी शिकले त्यातलं निम्मं असंच. अडलं तर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं एमडीएन हे माहितीचं संकेतस्थळ. इंग्रजीत आहे, पण प्रत्येक टॅगखाली उदाहरण असतं आणि उदाहरणाला भाषा फारशी लागत नाही. एआयला विचारून कोड मिळतो, मीही घेते. पण जी ओळ वाचून कळत नाही ती पानात ठेवत नाही.

पानात हालचाल आणणारी जावास्क्रिप्ट? पहिल्या पानाला नको. पुढे बघू.

६. फोटो

फोनने काढलेला फोटो तीन-चार हजार पिक्सेल रुंद आणि कित्येक एमबीचा असतो. पानात तो बोटभर दिसतो, पण वाचणाऱ्याला अख्खा उतरवून घ्यावा लागतो, त्याच्या डेटातून. स्क्वूश नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रुंदी १२०० पिक्सेल करा आणि वेबपी किंवा जेपेग या प्रकारात साठवा. दीड-दोनशे केबीत काम होतं.

प्रत्येक चित्राला ‘ऑल्ट’ मजकूर द्या: चित्र दिसलं नाही तर त्याऐवजी काय वाचायचं. ‘फोटो १’ असं नको, ‘वाचनालयाचं दार, बाजारपेठेतल्या मारुती मंदिरासमोर’ असं लिहा. नव्या माणसाला पत्ता शोधायलाही ते उपयोगी पडतं.

मजकूर चित्रात घालू नका. कार्यक्रमाचं निमंत्रण सुंदर डिझाइन करून नुसतं जेपेग चढवलं, तर ते शोधता येत नाही, वाचून दाखवता येत नाही, आणि फोनवर चिमटीने मोठं करत बसावं लागतं. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच.

सापळा: चित्राच्या पत्त्यात ‘सी’ ड्राइव्हपासूनचा लांबलचक मार्ग आला असेल तर ते चित्र फक्त तुमच्याच संगणकावर दिसेल. चित्रं पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि नुसतं नाव लिहा. मी मोठ्या ऐटीत लिंक पाठवली आणि सगळ्यांना चित्रांच्या जागी फुटक्या चौकटी दिसल्या. मला मात्र सगळं छान दिसत होतं.

७. जुन्या फोनवर, दुसऱ्याच्या हातात

आता तो यादीतला जुना फोन काढा. पान अजून इंटरनेटवर नसेल तर पुढची पायरी करून परत इथे या.

फोन स्वतः हातात ठेवू नका. ज्याने पान पाहिलेलं नाही अशा माणसाला द्या आणि एकच काम सांगा: ‘वार्षिक वर्गणी किती ते शोधा.’ मग गप्प बसा. हे गप्प बसणं या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम आहे. माझ्या सासूबाईंनी तीनदा वर-खाली केलं आणि म्हणाल्या, “पैसे कुठे लिहिलेत?” मी ‘शुल्करचना’ असा मथळा दिला होता. तो त्याच रात्री ‘वर्गणी’ झाला.

तीन माणसं पुरतात. तिघेही एकाच जागी अडखळले तर दोष पानाचा.

यंत्राकडूनही तपासून घ्या. वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये पान टाकलं की न मिटलेले टॅग सापडतात. क्रोमच्या एफ १२ मध्ये लाइटहाउस आहे, ते वेग आणि सुगम्यतेला गुण देतं. शंभरपैकी शंभरचा हट्ट नको. लाल दिसेल ते दुरुस्त करा, बाकी सोडा.

८. पान चढवणं आणि नाव घेणं

साध्या एचटीएमएल पानाला जागा फुकट मिळते. गिटहब पेजेस, नेटलिफाय, क्लाउडफ्लेअर पेजेस यांपैकी कोणतंही घ्या. मी गिटहब वापरते. खातं उघडायचं, नवी रिपॉझिटरी (फाइलींचा कप्पा) करायची, फाइली ओढून टाकायच्या, सेटिंग्जमध्ये ‘पेजेस’ चालू करायचं. काही मिनिटांत पान जगासमोर. फुकट खात्यात या फाइली सगळ्यांना दिसतात, म्हणून सभासदांची नावं-फोन असलेली यादी चुकूनही त्या फोल्डरमध्ये ठेवू नका. ती पानावरही नको.

सापळा: विंडोजला फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं सारखीच वाटतात, सर्व्हरला (पान ठेवलेल्या संगणकाला) नाही. घरी दिसणारं चित्र चढवल्यावर गायब झालं तर नव्वद टक्के हेच कारण, असा माझा अनुभव. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवली की प्रश्न मिटतो.

फाइलचं नाव मराठीत ठेवावं का? मोह होतो. पण देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि लिंक पाठवताना प्रत्येक बाइटचे तीन रोमन वर्ण होतात. म्हणजे ‘मराठी’ या पाच चिन्हांच्या शब्दाचे पंचेचाळीस वर्ण. व्हॉट्सॲपवर ती लिंक पाहून लोकांना व्हायरस वाटतो. नावं रोमनमध्ये ठेवा, मजकूर मराठीत.

स्वतःचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचं नाव, हवं असेल तर ते दरवर्षी भाड्याने घ्यायचं असतं. पहिल्या वर्षाची किंमत पाहून भुलू नका, नूतनीकरणाची विचारा. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळतं, हौस म्हणून जोडीला घ्या, पण फोनवर पत्ता सांगायला रोमन नाव सोपं जातं.

आणि आता तो ईमेल. डोमेन संस्थेच्या ईमेलवर, संस्थेच्या नावाने घ्या. आमचं पहिलं डोमेन करून देणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर होतं. त्याने गाव सोडलं, फोन उचलणं सोडलं, मुदत संपली, आणि वर्षानुवर्षं पावत्यांवर छापलेला पत्ता आमच्या हातून गेला. पासवर्ड समितीच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहू नका, पण दोन माणसांना तो माहीत असू द्या.

९. व्हॉट्सॲपवर लिंक नीट दिसू द्या

आपल्याकडे पान गूगलवरून कमी आणि व्हॉट्सॲपवरून जास्त उघडलं जातं. नुसती निळी लिंक पाठवली तर लोक उघडत नाहीत. ‘हेड’मध्ये ‘ओपन ग्राफ’चे तीन टॅग टाका: शीर्षक, एका ओळीचं वर्णन आणि एक चित्र. चित्राचा पत्ता इथे पूर्ण द्यावा लागतो, नुसतं नाव चालत नाही. मग लिंक पाठवली की खाली छोटं कार्ड दिसतं. आधी स्वतःलाच पाठवून बघा. कार्ड चुकीचं आलं आणि तुम्ही टॅग दुरुस्त केले तरी काही काळ जुनंच दिसत राहू शकतं. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून पुन्हा पाठवा.

१०. चढवल्यानंतर

पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ आणि तारीख लिहा, वर्षासकट. ‘येत्या रविवारी’ असं कधीच लिहू नका. पान दोन वर्षांनीही कोणाचा तरी येता रविवार दाखवत राहतं.

बदल केला आणि दिसला नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. ब्राउझरने जुनी प्रत जपून ठेवलेली असते. मी एकदा दिसत नाही म्हणून एकच दुरुस्ती रात्री बारापर्यंत पाच वेळा चढवली होती.

वर्षातून तीनदा पानाकडे जायचं, हे कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा: आर्थिक वर्ष बदलतं तेव्हा वर्गणीसाठी, दिवाळीच्या महिनाभर आधी अंकांच्या योजनेसाठी, आणि डोमेनची मुदत संपायच्या महिनाभर आधी.

आणि तुमच्याशिवाय आणखी एकाला पानातली एक ओळ बदलता येईल एवढं शिकवा. आमच्याकडे वेळापत्रकाची ओळ कुठे आहे हे सांगणारी टीप मी कोडमध्येच, पानावर न दिसणाऱ्या टिपणीत, मराठीतून लिहून ठेवली आहे: ‘सुट्टी असेल तर फक्त खालची ओळ बदला.’ पुढचा बदल गणपतीच्या सुट्टीचा आहे. तो ग्रंथपालबाई करणार आहेत, मी शेजारी बसून चहा पिणार आहे.